होम्सबर्गच्या पाठी आणि आपला चेहरा : एका ट्यूबचा इतिहास



रेटिनॉल, रेटिनॉइड, ट्रेटिनॉइन हे शब्द आता वसई-विरारच्या चाळींतल्या मुलामुलींच्याही तोंडी आले आहेत. कोणी रील बघून ट्यूब आणतो, कोणी मैत्रिणीने सांगितले म्हणून, कोणी मेडिकलवाल्याला "पिंपल्ससाठी काहीतरी द्या" म्हणून. ट्यूबवर स्पष्ट छापलेले असते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे आहे. पण ती ओळ कोण वाचतो?

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, या औषधाचे ज्ञान कोणाच्या कातडीतून काढले गेले. दुसरी, हा इतिहास माहीत असलेल्या आंबेडकरी तरुणाने ही ट्यूब हातात घेताना कोणता हक्क मागायचा आणि कोणता सौदा नाकारायचा. स्किनकेअर हा चळवळीचा विषय नाही, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

तुरुंग की प्रयोगशाळा?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १८९६ मध्ये सुरू झालेला, १९९५ मध्ये बंद झालेला. तिथले बहुसंख्य कैदी काळे होते. त्यातले कितीतरी असे, की त्यांच्यावरचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. जामिनाचे पैसे नव्हते, म्हणून आत होते. आपल्या तुरुंगांतले कच्चे कैदी कोणत्या समाजातले असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१९५१ मध्ये या तुरुंगात पायाच्या बुरशीची साथ आली. इलाजासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन याला बोलावले गेले. आत पाऊल टाकताच त्याला आजारी माणसे दिसली नाहीत. त्याला दिसली शेकडो माणसांची कातडी, एका जागी कोंडलेली, कुठेही पळून न जाणारी. हे त्याने स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे, शेतकऱ्याला पहिल्यांदा सुपीक जमीन दिसावी तशा आनंदाने.

त्यानंतर १९७४ पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, होम्सबर्गमध्ये माणसांवर प्रयोग चालले. कैद्यांच्या पाठीवर चिकटपट्टीने चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात वेगळे रसायन लावायचे आणि कातडी कशी भाजते, सुजते, सोलते ते बघायचे. अत्तरे, शाम्पू, साबण, मलमे, सारे काही. मोठमोठ्या कंपन्यांची कामे यायची, अमेरिकन लष्करही आले. या पाठींवर राहिलेले बुद्धिबळाच्या पटासारखे डाग पुढे जन्मभर गेले नाहीत.

सगळ्यात भयंकर प्रकार डायऑक्सिनचा. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये जे विष होते, तेच हे. डाऊ केमिकल या कंपनीसाठी १९६०च्या दशकाच्या मध्यात ते कैद्यांच्या कातडीवर लावले गेले. क्लिगमनने दहा कैद्यांना कंपनीने ठरवून दिलेल्या मात्रेच्या ४६८ पट मात्रा लावली. चारशे अडुसष्ट पट! त्या माणसांना आपल्या अंगावर काय लावले जात आहे हे कोणी सांगितले नव्हते.

याच होम्सबर्गमध्ये ट्रेटिनॉइनच्या, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणाऱ्या आम्लाच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. हे आम्ल त्वचेवर लावून पाहण्याचे काम जर्मनीत आधीच सुरू झाले होते. पण मुरुमांवरचे औषध म्हणून त्याला उभे केले क्लिगमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९६९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, १९७१ मध्ये अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली आणि 'रेटिन-ए' बाजारात आले. पुढे १९८०च्या दशकात याच औषधाने सुरकुत्या कमी होतात असे निबंध आले आणि पैशाचा पूर सुरू झाला. या नव्या उपयोगाचे हक्क कोणाचे, यावरून विद्यापीठ आणि क्लिगमन कोर्टात भांडले आणि १९९२ मध्ये त्यांनी समेट केला. ज्यांच्या पाठी सोलल्या गेल्या ते या भांडणात कुठेच नव्हते.

"सही केली होती ना?"

आता नेहमीचा बचाव येतो. कैद्यांनी सही केली होती, त्यांना पैसे मिळत होते, कोणी जबरदस्ती केली नव्हती.

हा बचाव आंबेडकरी माणसाने शांतपणे तपासला पाहिजे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. तुरुंगातल्या साध्या कामाला दिवसाला काही सेंट मिळायचे. प्रयोगासाठी पाठ दिली की त्याच्या कितीतरी पट. ज्याला जामीन भरायचा आहे, वकील करायचा आहे, घरी मुलांना चार पैसे पाठवायचे आहेत, त्याच्यासमोर तुरुंगात दुसरा मार्ग कोणता होता? सगळे दरवाजे बंद करायचे, एक उघडा ठेवायचा आणि त्यातून तो आत आला की म्हणायचे, बघा, स्वतःच्या पायाने आला!

महार वतन आठवा. गावाची मेलेली ढोरे ओढायची, सरकारी टपाल पोचवायचे, रात्री-अपरात्री पाटलाच्या हाकेला धावायचे आणि बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुते, शिळी भाकरी. गाव म्हणायचे, वतन तुम्हीच धरून बसला आहात, खाता ना त्याचे? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. भुकेल्या माणसाने भाकरी घेतली म्हणून तो गुलामीला राजी झाला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे त्या लढ्याचे मर्म होते. होम्सबर्गची सही आणि वतनाची भाकरी एकाच जातीच्या आहेत.

दुसरा बचाव क्लिगमनने स्वतः केला. आपण जे केले ते त्या काळच्या सर्वमान्य पद्धतीला धरूनच होते, असे तो म्हणत राहिला. २०१० मध्ये तो वारला, तोवर त्याने पश्चात्ताप दाखवला नाही. सर्वमान्य पद्धत! महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात स्पृश्य मंडळी दुसरे काय म्हणत होती? अनादी काळापासूनची रूढी आहे, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ द्यायचे नाही. दहा वर्षे खटला चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रूढी मान्य करायला नकार दिला. अन्याय जुना आहे, सगळेच करत होते, एवढ्यावर तो न्याय ठरत नाही.

आणि खरे तर पद्धत सर्वमान्यही नव्हती. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली होती. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची, समजून-उमजून दिलेली संमती हवी, हे तिचे पहिलेच कलम. तो खटला चालवणारे अमेरिकनच होते. चार वर्षांनी होम्सबर्गमध्ये प्रयोग सुरू झाले. दुसऱ्यांसाठी लिहिलेला नियम आपल्या काळ्यांना लावायची त्यांना गरज वाटली नाही.

१९७२ मध्ये टस्कीगीचे प्रकरण उघडकीला आले. अलाबामा राज्यात गरमीच्या रोगाने आजारी असलेल्या काळ्या शेतमजुरांना चाळीस वर्षे उपचार न देता नुसते तपासत ठेवले होते. अमेरिका हादरली. त्याच वर्षी इकडे मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. दोन वर्षांनी होम्सबर्गचे प्रयोग थांबले. डॉक्टरांचे हृदयपरिवर्तन वगैरे झाले नव्हते. काळ्यांच्या चळवळीने देशाला आरसा दाखवल्यानंतर दडपण आले, म्हणून ते थांबले.

न्यायाचे काय झाले? १९७१ मध्ये ॲलन हॉर्नब्लम नावाचा तरुण होम्सबर्गमध्ये शिकवायला गेला. पाठीवर पट्ट्या चिकटवलेले कैदी पाहून त्याला वाटले, आत मारामारी झाली असावी. खरे काय ते कळल्यावर ती गोष्ट त्याने सोडली नाही आणि १९९८ मध्ये त्याचे पुस्तक आले. माजी कैदी उघडपणे बोलू लागले. २००० मध्ये सुमारे तीनशे जणांनी विद्यापीठ, क्लिगमन आणि कंपन्यांवर दावा ठोकला. कोर्टाने तो फेटाळला. कारण? मुदत संपली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये. तोवर त्या पाठींतल्या कितीतरी मातीखाली गेल्या होत्या.

१९७५ : एक वर्ष, दोन मलमे

इथून हा इतिहास थेट आपल्या घरात येतो.

१९७५ मध्ये क्लिगमनने एका सहकाऱ्याबरोबर आणखी एक शोधनिबंध छापला. विषय होता मानवी कातडीचा रंग घालवण्याचे नवे सूत्र. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टिरॉइड, तिन्ही एका मलमात. काळ्या पुरुषांच्या निरोगी कातडीवर ते लावले तेव्हा रंग गेला, असे त्या निबंधात नोंदवलेले आहे. शब्द नीट वाचा : निरोगी कातडी. तिथे कोणता रोग होता? फक्त रंग होता.

त्याच १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने भारतात 'फेअर अँड लव्हली' आणली. ती क्रीम वेगळी, तिच्यात हे सूत्र नव्हते. दोन गोष्टींचा एकमेकींशी व्यवहार नव्हता, पण गृहीतक एकच होते : सावळा रंग ही दुरुस्त करण्याची गोष्ट आहे. ४५ वर्षे हे नाव आपल्या घरांच्या आरशाखाली उभे राहिले. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर रस्ते पेटले, तेव्हा कुठे 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' आला. काळ्यांच्या लढ्याने आपल्या आरशाखालच्या ट्यूबचे नाव बदलले. खैरलांजीने, ऊनाने ते बदलले नव्हते, हेही लक्षात ठेवा.

क्लिगमनचे तिहेरी सूत्र मात्र भारतात औषध म्हणून आले आणि क्रीम म्हणून वापरले गेले. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे मिश्रण मिळते. वांगासाठी, थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध आहे ते. लोक ते वर्षानुवर्षे तोंडाला लावतात, कारण सुरुवातीला चेहरा उजळतो. मग स्टिरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस उगवतात, मुरुम फुटतात. मलम बंद केले की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावायचे. ही व्यसनाचीच रीत झाली.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांवर केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातले सुमारे २९ टक्के ते फेअरनेस क्रीमसारखे वापरत होते. डॉक्टरांच्या संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कागदावर. काउंटरवर काय चालते ते तुम्ही मला सांगायला नको.

रंग आणि जात

काही मित्र म्हणतात, गोरेपणाचे वेड सगळ्याच जातींत आहे, यात जात कुठून आणता? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देऊ.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी ठामपणे सांगितले आहे. इंग्रज अधिकारी रिस्ले लोकांची नाके मोजून जातींची उतरंड लावत होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्याच नाकांच्या मोजमापांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. 'जातिभेद निर्मूलन'मध्ये ते १९३६ मध्येच म्हणाले होते की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. म्हणजे कातडीत जात नाही. सावळे ब्राह्मण आहेत, गोरे बौद्ध आहेत, आणि आपल्या वसईच्या किनाऱ्यावर तर सगळ्या समाजांत सगळे रंग आहेत.

मग रंगावरून माणूस का तोलला जातो? कारण ब्राह्मणी व्यवस्थेने रंगाला श्रमाची निशाणी केले. जो उन्हात राबतो तो काळा, जो सावलीत बसून खातो तो गोरा, आणि सावलीत बसणारा श्रेष्ठ. "काळा असून ब्राह्मण आणि गोरा असून..." छापाच्या म्हणी कोणी रचल्या? स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी, घरंदाज' हे दोन शब्द जोडीने का येतात? रिसेप्शनच्या नोकरीला 'प्रसन्न व्यक्तिमत्त्व' मागतात तेव्हा त्यात नालासोपाऱ्याची सावळी, हुशार मुलगी बसते का? रंगाने जात सिद्ध होत नाही, पण रंगावर जातीचा भाव लावला जातो. म्हणून रंग घालवण्याच्या मलमावर खर्च केलेला प्रत्येक रुपया आपण त्याच भावाला मान्यता म्हणून देतो.

जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली. होम्सबर्ग आपला इतिहास आहे असे मी म्हणतो, ते या नात्याने.

मग ट्यूब फेकून द्यायची का?

नाही. बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. औषध खरे आहे. मुरुमांवर ते काम करते. मुरुमांचे खड्डे घेऊन, मान खाली घालून कॉलेजला जाणाऱ्या पोराला 'इतिहास वाईट आहे' म्हणून औषधापासून दूर ठेवणे हा दुसरा अन्याय होईल. ते ज्ञान लुबाडून मिळवले गेले, पण आता ते साऱ्या माणसांचे आहे, आणि त्यावर सर्वात आधी हक्क आपल्यासारख्यांचा आहे.

पण ते वापरायचे कसे? होम्सबर्गच्या कैद्याला जे नाकारले गेले ते मागून. म्हणजे माहिती आणि संमती. डॉक्टरांची चिठ्ठी ही श्रीमंतांची चैन नाही. आपल्या अंगाला काय लावले जाते, किती, किती दिवस, का आणि काय बिघडू शकते, हे विचारण्याची ती जागा आहे. डॉक्टरांनी या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नसतील सांगत तर विचारा :

हे औषध साधारणपणे रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच घेऊन पातळ लावतात. बहुतेकांना सुरुवात आठवड्यातून दोन-तीन रात्रींनीच करायला सांगतात. पहिल्या काही आठवड्यांत कातडी कोरडी पडते, सोलते, मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. सावळ्या कातडीला तर घाई जास्त महागात पडते, कारण आग झाली, लाली आली की ती जाताना काळे डाग ठेवून जाते. म्हणजे डाग घालवायला निघालेला माणूस नवे डाग घेऊन बसतो. या काळात ऊनही जास्त लागते. दिवसभर बाईकवर डिलिव्हरी करणाऱ्या किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोराने हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे, आणि सनस्क्रीन, टोपी, रुमाल यांचा हिशोब धरायला हवा. गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने ते लावू नये. आणि ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. ट्रेटिनॉइनच्या बरोबर मोमेटासोन किंवा दुसरे स्टिरॉइड लिहिलेले असेल तर ते वेगळे औषध आहे, मुरुमांसाठी मैत्रिणीकडून मागून घ्यायचे नाही.

आणि ते लावताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी रोगावर इलाज करतो आहे की रंगावर? मुरुम हा आजार आहे. सावळेपणा आजार नाही.

आपली मागणी

संमतीचा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा प्रकल्प राबवला गेला. कितीतरी अर्जांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला गेला. लस चांगली आहे, मृत्यू लशीमुळे झाले असेही चौकशीत ठरले नाही. पण संसदेच्या समितीने २०१३ मध्ये संमतीच्या त्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीला आश्रमशाळा आहेत. तिथल्या पोरींच्या अंगावरची सही कोणाची असेल, यावर लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.

आणि इथे, शहरात, मागणी साधी आहे. वसई-विरार महापालिकेच्या दवाखान्यांत त्वचारोगतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी, कामावरून परतणाऱ्याला गाठता येईल अशा वेळी मिळाला पाहिजे. एका डागासाठी सुट्टी टाकून नायर किंवा कूपरपर्यंत लोकलचे धक्के खावे लागले, तर माणूस मेडिकलच्या काउंटरवरच इलाज शोधणार. आपल्या मंडळांनी, विहारांनी हा विषय निवेदनात घ्यावा. विहारात एका रविवारी घरातली सगळी मलमे आणायला सांगा आणि जाणकार डॉक्टर बोलावून त्यांवरची नावे वाचून घ्या. किती स्टिरॉइड निघतात ते बघा.

आपल्या सोपाऱ्याला स्तूप आहे, आणि जवळच भुईगावला १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात अशोक सांगतो की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे, आणि त्यात पहिलीच गोष्ट येते दासांशी आणि सेवकांशी नीट वागण्याची. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर कोरलेली ही कसोटी होम्सबर्गला लावा, आश्रमशाळेला लावा, औषधाच्या दुकानाला लावा. जो सगळ्यात खाली आहे त्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारले का, एवढेच तपासा.

जय भीम! जय संविधान!